उतारावरचं तिसरं नाव

६ ऑगस्ट २०२३, रविवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज नाही जमलं तर निदान काही घडेल त्या दिवशी. कारण असं की आज बेलदरी गावाने मला मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सव समितीचा अध्यक्ष केलं. जळकोटात सिमेंट-लोखंडाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला असा मान उगाच मिळत नाही. अंबिका म्हणाली, "सिमेंट फुकट मिळंल म्हणून केलं आसंल." बायकोच्या बोलण्याची नोंद ठेवायची गरज नव्हती, पण ठेवली.

ठरलं ते असं. १७ सप्टेंबरला नदीच्या उतारावर हुतात्म्यांच्या नावाचा दगड बसवायचा. उतार म्हणजे आमच्या शिवारात नदी पायी ओलांडतात ती जागा. अठ्ठेचाळीसच्या आषाढात रझाकार बंदुका घेऊन आले, तेव्हा गावातल्या पोरांनी गोफणी, भाले आणि एक ठासणीची बंदूक एवढ्यावर त्यांना दिवस मावळेपर्यंत तिथेच, अलीकडच्या काठावर, अडवून धरलं. तेवढ्यात बायापोरं निसटली. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ शिवलिंग त्यात पडले. हुसेन पिंजारी पडले. त्यांचं रक्त माझ्या अंगात आहे, म्हणजे शिवलिंगअप्पांचं.

आमची लेक अक्षरा लातूरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. रविवारी घरी येते. ती म्हणाली, "अप्पा, दगडावर 'बेलदरीची लढाई' असंच लिहा. लोक उगीच 'बेलदरी-आडगव्हाणची लढाई' म्हणतात. आषाढात नदीला पाणी असतं. पलीकडचे आडगव्हाणवाले येतील कसे?"

हे मला छप्पन्न वर्षांत सुचलं नव्हतं. पोरगी शिकली त्याचं चीज झालं.

१३ ऑगस्ट, रविवार

आडगव्हाणचे सरपंच बसवराज आले होते. सोबत त्यांच्या गावचा जनावरांचा डॉक्टर संगमेश्वर. पोरगं गुणी आहे, आमच्या म्हशीचा पाय यानेच वाचवला. फक्त आडगव्हाणचं आहे, एवढंच.

बसवराज म्हणाले, "सिद्धलिंगअप्पा, दगडावर आमच्या गावचं नाव न्हाई म्हणं?"

मी म्हणालो, "उतार आमचा, शिवार आमचं, पडलेली माणसं आमची. तुमचं काय आहे त्यात?"

"आमचा ईरण्णा पडला की तिथं!"

"तो पुरात वाहून गेला असं आमच्याकडं म्हणतात."

त्यावर बसवराज असे लाल झाले की अंबिकाने मध्येच पाण्याचे तांबे आणून ठेवले. खरं सांगायचं तर 'म्हणतात' हे मी जरा वाढवून बोललो. तसं आमच्याकडे एक-दोघंच म्हणतात, आणि त्यातला एक मी.

ईरण्णा हा या डॉक्टरच्या आजोबांचा, मलप्पांचा, थोरला भाऊ. डॉक्टर खाली बघत बसला. अक्षराने सगळ्यांच्या चहात साखर घातली, फक्त त्याच्या कपात घालायची राहिली. गडबडीत विसरली असणार. त्याने निमूट प्यायला. संस्कार चांगले आहेत.

२७ ऑगस्ट, रविवार

आडगव्हाणच्या ग्रामसभेचा निरोप आला. आमच्या वादाची मजल इथवर जाईल असं वाटलं नव्हतं.

हे लिहून ठेवतो, पुढच्या पिढीला कळावं. लढाईनंतर दोन्ही गावच्या जाणत्यांनी महादेवाच्या देवळात बेलभंडार उचलून आण घेतली की दोन्ही गावं भाऊभाऊ. तेव्हापासून या गावची पोरगी त्या गावात देत नाहीत, त्या गावची इथे करत नाहीत. एकत्र रक्त सांडलं म्हणून ही आण, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पोळ्याला आमच्या वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती आडगव्हाणची. मग आमची.

निरोप असा: "लढाई एकट्या बेलदरीची असंल तर आमी भाऊ न्हाई. भाऊ न्हाई तर आणही न्हाई. पोळ्याला जोडी येणार न्हाई, आन् सोयरीक करायला दोनी गावं मोकळी."

मी हसलो. म्हणालो, "यांना पोरगी देतंय कोण!"

अक्षराने विचारलं, "खरंच असं म्हणाले, अप्पा? ग्रामसभेत? सगळ्यांसमोर?"

"हो की. डोकं फिरलंय."

"मग आता माघार घ्यायची नाही," ती म्हणाली. तिची गावाबद्दलची तळमळ बघून मला भरून आलं. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या तिने. अंबिका माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमाला कवा कळंल, देव जाणे." माझं काय चुकलं ते तिने सांगितलं नाही.

३ सप्टेंबर, रविवार

दगड लातूरहून कोरून आला. काळा, गुळगुळीत, उभा केला की पुरुषभर उंच. वर 'बेलदरीची लढाई', खाली शिवलिंग आणि हुसेन ही दोन नावं, त्याखाली समितीची. माझं नाव जरा मोठं झालंय. कारागिराची चूक. पण आता काय करणार.

१० सप्टेंबर, रविवार

आज अहमदपूरला नीलम्मा आत्याकडे गेलो होतो. माझ्या वडिलांची थोरली बहीण. लढाईच्या वेळी चौदा वर्षांची होती, म्हणजे तो काळ डोळ्यांनी पाहिलेलं आमच्या घरात एवढंच माणूस उरलंय. कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून तिला बोलवायचं ठरवलं. अक्षरा माझ्यासोबत आली.

आत्या नातवाच्या घरी राहते, स्टँडच्या मागे. ऐकू नीट येतं, दिसत मात्र कमी. दगडाचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. तिने डोळ्यांजवळ धरला.

"ईरण्णाचं नाव कुठं हाय रे, सिद्ध्या?"

मी पाण्याचा मुद्दा सांगितला. आषाढ, पूर, पलीकडचा माणूस येणार कसा.

"कुणी शिकिवलं हे तुला?"

"अक्षराने शोधून काढलं."

आत्या अक्षराकडे वळली. "बाई, पानी गळ्यापातूर होतं. तरी आले. दोर बांधून आले. ईरण्णा सगळ्याच्या म्होरं होता. तुझ्या पणज्याचा भाऊ पडला, तवा ह्यानं त्याची बंदूक उचलली आन् तिथंच पडला. आमाला गुळाच्या काहिलीत बसवून पल्याड नेलं, ते त्याच्या भावानं. मलप्पानं."

काहील म्हणजे गूळ करायची मोठी कढई. पुरात तिची नाव करायचे हे मी ऐकलं होतं, आपल्या घरच्या बाया तीत बसल्या होत्या हे माहीत नव्हतं.

अक्षराने विचारलं, "आत्याआजी, नक्की ईरण्णाच होते?"

"मी बघितलंय. तू बघितलंस का?"

परत येताना एसटीत पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली. तिला लहानपणापासून गाडी लागते. शिरूरला लिंबूपाणी घेऊन दिलं, तेही तिने हातातच धरलं.

आत्याचं वय एकोणनव्वद. या वयात माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. शिवाय दगड कोरून झालेला आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण कोरलेलं पुसता येत नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार. पोळा

हे लिहायचं नव्हतं.

वेशीत तोरण बांधलं. बैल रंगवून, झुली घालून उभे. वाजंत्री सुरू. नेहमी या वेळी नदीच्या बाजूने घुंगरांचा आवाज यायचा आणि पोरं ओरडायची, "आडगव्हाणची आली!" आज वाजंत्री वाजवून दमले. तोरणाखालून आधी कुणी जोडी न्यायची हेच कुणाला कळेना. गावातल्या वयस्क व्यंकट पाटलांना म्हटलं, तुम्ही न्या. ते म्हणाले, "माझ्या बापानं न्हाई नेली पयली, मी न्हेऊ? तूच ने. तू अध्यक्ष हायस."

माझ्याकडे बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. लोक हसले. हसण्यात गंमत नव्हती.

शेवटी अंधार पडायला लागला तेव्हा सगळ्या जोड्या तोरणाच्या बाजूने, गटाराकडून, आपापल्या घरी गेल्या. तोरणाखालून कुणीच गेलं नाही. पुरणपोळी ताटात तशीच ठेवली. अंबिकाला म्हणालो, गूळ जास्त झालाय. ती म्हणाली, "हाव, गुळाचंच चुकलं."

१७ सप्टेंबर, रविवार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

झेंडावंदन झालं. आत्या नातवाच्या गाडीतून आली होती, तिला खुर्ची दिली. उतारावर दगडाला फुलांच्या माळा. सगळं गाव होतं. पलीकडच्या काठावर आडगव्हाणची दहा-पंधरा माणसं उभी, डॉक्टरही त्यांत. अलीकडे आली नाहीत.

माझं भाषण बरं झालं. मग अक्षरा बोलायला उभी राहिली. तिचं भाषण मी स्वतः वाचून पाहिलं होतं. पाण्याचा मुद्दा होता, दोन नावं होती. तिने कागद घडी करून हातात धरला आणि म्हणाली:

"या दगडावर दोन नावं आहेत. इथं तिघं पडले. तिसरं नाव ईरण्णा. गाव आडगव्हाण. ते गळ्याएवढ्या पाण्यातून आले होते. ते आलेच नाहीत असं मी माझ्या अप्पांना सांगितलं. मला ते खरं व्हायला हवं होतं, म्हणून सांगितलं. ते खोटं आहे."

आणि खाली बसली.

कुणी टाळी वाजवली नाही. व्यंकट पाटील उठले, पलीकडच्या काठाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. मग एकेक करून सगळेच. मी व्यासपीठावर, मोठ्या अक्षरांतल्या माझ्या नावाशेजारी, बसून राहिलो. एवढं तोंडघशी मला आजवर कुणी पाडलं नव्हतं, आणि पाडलं ते पोटच्या पोरीने.

घरी आल्यावर खूप बोललो. सगळं लिहीत नाही. अक्षरा आत जाऊन पडली. शेवटी म्हणालो, "तुला काय मिळालं यातनं?"

उत्तर अंबिकाने दिलं. "तिला काय मिळालं म्हून राहिलाव? तिनं काय घालवलं ते इचारा. आता दोनी गावं परत भाऊ झाली ना? मग त्या डॉक्टरसंगं तिचं लगीन कसं हुईल? दोन वर्सं झाली त्यास्नी. पोरीनं आज सोताच्या हातानं सोताचं दार लावलं, आन् तुमी टाळ्या मोजून राहिलाव."

मी पलंगावर बसलो. बिनसाखरेचा चहा आठवला. आधी तोच का आठवला, माहीत नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

दुकान उघडलं नाही. अक्षरा सकाळच्या गाडीने लातूरला गेली. जाताना नेहमीसारखी पाया पडली. काही बोलावं असं फार वाटलं. "पोचल्यावर फोन कर" एवढंच म्हणालो.

२४ सप्टेंबर, रविवार

आडगव्हाणला जाऊन आलो. एकटा. बसवराजांच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणालो की मी चुकलो, ईरण्णाचं नाव शिवलिंगअप्पांच्या शेजारी येईल, दगडावर 'बेलदरी-आडगव्हाणची लढाई' असं येईल आणि समितीची नावं घासून काढू. माफी मागणं मला जमत नाही, घाम आला. बसवराजांनी मिठी मारली. म्हणाले, "झालं गेलं नदीला मिळालं. पुन्यांदा भाऊ झालाव आपन!" पेढे वाटले. लोक खूश.

डॉक्टर भिंतीला टेकून उभा होता. त्यानेही पेढा घेतला. हातातच धरून होता, खाल्ला नाही. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने मला नमस्कार केला. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. आणि मीच आत्ता, पेढ्यासकट, तो घालवला होता.

ऑगस्टात मी चुकीचा होतो तेव्हा लग्न होऊ शकत होतं. आता मी बरोबर आहे. काय करावं ते समजत नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

अक्षरा आली नाही. क्लासमध्ये परीक्षा आहेत म्हणाली. अंबिका माझ्याशी कामापुरतं बोलते.

२९ ऑक्टोबर, रविवार

आत्याकडे गेलो. दगडाचं काम झाल्याचं सांगायला, असं मनाशी म्हणत गेलो होतो. गेल्यावर सगळंच सांगून टाकलं. अक्षराचं, डॉक्टरचं, आणेचं.

आत्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रक्त सांडलं म्हून आण घेतली, आसं सांगतेत का आता?"

"मग कशाला घेतली?"

"आरं, आमी मुलखाची सुटका हुईपातूर आडगव्हाणात ऱ्हायलो. दोन म्हैने. वयात आलेल्या पोरी परक्या गावात, परक्याच्या घरात. परत आल्यावर लोक बोलाया लागले. आमास्नी सून कोन करनार? तवा जाणत्यांनी बेलभंडार उचलला. आडगव्हाणची पोरं ह्या पोरींचे भाऊ, आसं जगाला सांगितलं. म्हंजे कुनी बोट दावू नये. आमच्या नावासाठी घातलेलं कुंपन होतं ते. त्या पोरींतली मी शेवटची. आता कुंपनाच्या आत हाय कोन?"

इतकी वर्षं आम्ही ही आण मिरवली, आणि ती कशासाठी होती हे कुणी या बाईला विचारलं नाही. मीही नाही.

"तुम्ही हे दोन्ही गावांपुढं सांगाल, आत्या?"

"सांगीन की. तवा आमाला कुनी इचारलं न्हवतं. भावाची आण पायजे का, म्हून." मग तिने विचारलं, "पोरगा कुनाचा म्हनलास?"

"मलप्पांचा नातू."

"मलप्पा हाय?"

"करोनात गेले, आत्या."

तिने पदर नीट केला. मग विचारलं, "शेवटपातूर डाव्या हातानंच जेवायचा का?"

मी म्हणालो, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, उतारावर त्यांच्या उजव्या हातात छर्रे घुसले होते. बोटं वळायची नाहीत. पोरींत सगळ्यांत लहान म्हणून तिच्याकडे त्यांना भरवायचं काम होतं. "मंग डाव्या हातानं खायाला मीच शिकिवलं. लई सांडायचा." आणि हसली. मग माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

चहा घेऊन निघालो. मन हलकं झालं होतं. आत्याची स्मरणशक्ती मी समजत होतो त्यापेक्षा फारच पक्की आहे.

११ जानेवारी २०२४, गुरुवार. वेळ अमावस्या

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात दोन्ही गावांच्या बैठका झाल्या, भांडणं झाली, व्यंकट पाटील दोनदा रुसले. त्याचं पाल्हाळ नको. दोन्ही गावं म्हणाली की आत्याबाईंनी स्वतः येऊन सांगावं, मग मानू.

आज सगळे रानात. वेळ अमावस्येला आमच्या भागात घरात कुणी जेवत नाही. शेतात कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, तीत पूजेला पाच दगडांचे पांडव, जेवायला भाज्या-शेंगांची भज्जी, ताकाची आंबील, बाजरीचे उंडे. आत्याला आम्ही बेलदरीच्या शेतात न नेता नदीपलीकडे डॉक्टरच्या शेतात नेलं, तसं तिनेच सांगितलं होतं. उतारावर गाडी थांबवायला लावली. नव्याने कोरलेल्या दगडावरची तिन्ही नावं तिने बोटांनी चाचपली. ईरण्णा, शिवलिंग, हुसेन. माझं नाव नाही. बरं दिसतंय.

दोन्ही गावची माणसं कोपीपाशी जमली होती. आत्या उभी राहिली, अक्षराच्या खांद्यावर हात ठेवून. फार बोलली नाही. "ही आण आमच्यासाठी घातली हुती. आमची झाकली मूठ राहिली, तुमच्या वाडवडलांचे उपकार हायेत. आज मी ती आण सोडते. ह्या पोरीला भाऊ नको, नवरा पायजे. तिला इचारून बघा."

बसवराजांनी खरंच विचारलं, सगळ्यांसमोर. अक्षरा "हो" म्हणाली. एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या रानातल्या लोकांनी वळून पाहिलं. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही. यंदा पोळ्याला आडगव्हाणची जोडी येणार, तीही व्याह्यांची म्हणून. आधीचा मान तसाच राहील, असं मीच जाहीर केलं.

जेवणाआधी आत्या म्हणाली, मलप्पाला वाढून येते. आमच्यात माणसाला मातीत ठेवतात, मलप्पांची समाधी त्यांच्याच शेतात आहे, बांधावरच्या लिंबाखाली. अंबिका ताट घेऊन सोबत गेली, मी पाणी घेऊन. आत्या समाधीपुढे बसली. ताटात भज्जी, उंडा, आंबिलीची वाटी मी रीतसर उजव्या हाताला मांडली होती. आत्याने चाचपून पाहिलं आणि वाटी उचलून डावीकडे ठेवली. उंडाही डावीकडे सरकवला.

मी म्हणालो, "आत्या, नैवेद्याचं ताट असं नसतं."

अंबिकाने माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यास्नी तसंच लागतं."

आम्ही दोघं कोपीकडे परत आलो. आत्या तिथेच बसली होती. तिला बोलवायला अक्षरा निघाली, तिलाही अंबिकाने जाऊ दिलं नाही. भज्जी गार झाली.